पंचवीस अंकांची एकुलती एक संख्या: वही, पेन्सिल आणि चालत्या बाकीने करायची पडताळणी

नागपूर शहरातील कोणताही पिन कोड घ्या, तो ४४० ने सुरू होतो. डावीकडून एकेक अंक वाढवत त्याला १, २, ३ असा पायरीपायरीने भाग जातो का ते पाहू. त्याचा पहिला अंक ४ आहे आणि त्याला १ ने भाग जातो, ज्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. पहिल्या दोन अंकांची संख्या ४४ असून तिला २ ने भाग जातो. पहिल्या तीन अंकांची संख्या ४४० आहे, तिच्या अंकांची बेरीज ८ येते आणि त्यामुळे तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे सीताबर्डी असो, महाल असो वा धरमपेठ, शहराचा पिन तिसऱ्याच पायरीवर अडखळतो. जिल्ह्यातील ४४१ ने सुरू होणारे पिन ही पायरी ओलांडतात, कारण ४४१ म्हणजे ३ गुणिले १४७. पण कामठीचा ४४१००१, रामटेकचा ४४११०६ आणि काटोलचा ४४१३०२ हे तिन्ही चौथ्या पायरीवर थांबतात, कारण त्यांच्या पहिल्या चार अंकांच्या शेवटी अनुक्रमे १०, ११ आणि १३ येतात आणि यांपैकी कशालाही ४ ने भाग जात नाही. उमरेडचा ४४१२०३ मात्र पाच पायऱ्या सहज चढून जातो आणि सहाव्या पायरीवर, केवळ शेवटचा अंक विषम असल्यामुळे, पडतो. त्यात एक मिळवून ४४१२०४ केले की सहाही पायऱ्या पूर्ण होतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी टपालाच्या वर्गवारीसाठी आखली होती, तेव्हा या अंकांनी आपली ही परीक्षा द्यावी अशी अपेक्षा अर्थातच नव्हती. पण सरावासाठी ते हाताशी असतात आणि सर्वांना पाठ असतात.

या परीक्षेचा नियम एवढाच आहे: संख्येचे डावीकडून पहिले दोन अंक घेतले तर त्या संख्येला २ ने, पहिले तीन घेतले तर ३ ने, पहिले चार घेतले तर ४ ने, असे करत शेवटी संपूर्ण संख्येला तिच्या अंकांच्या एकूण संख्येने निःशेष भाग गेला पाहिजे. अशा संख्येला बहुविभाज्य संख्या म्हणतात. दशमान पद्धतीत अशी सर्वांत मोठी संख्या २५ अंकी आहे आणि तेवढ्या अंकांची ती एकटीच आहे:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

ही संख्या खरोखर तशी आहे याची खात्री करून घेणे, तिला सव्विसावा अंक का जोडता येत नाही हे पाहणे आणि अशा संख्या स्वतः तयार करणे, हे सर्व चौकटींच्या एका वहीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते, तेव्हा कूलरसमोर बसून आठवी-नववीतील मुलांबरोबर मी हे अनेकदा केले आहे. पूर्वतयारी म्हणून भागाकार आणि विभाज्यतेच्या शालेय कसोट्या आल्या म्हणजे पुरते.

पहिली पायरी: कसोट्या हाताशी ठेवणे

२, ५ आणि १० साठी शेवटचा अंक, ४ साठी शेवटचे दोन, ८ साठी शेवटचे तीन आणि १६ साठी शेवटचे चार अंक पाहायचे. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज करायची. हे सर्वांना माहीत असते, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. ६, १२, १५, १८, २४ अशा भाजकांसाठी त्यांचे तुकडे पाडायचे, मात्र ते तुकडे एकमेकांत सामाईक विभाजक नसलेले हवेत. १२ साठी ३ आणि ४ चालतात, २ आणि ६ चालत नाहीत. ही चूक मुले हमखास करतात. १८ ला २ आणि ६ दोन्हींनी भाग जातो, पण १२ ने जात नाही, हे एक उदाहरण फळ्यावर लिहिले की सहसा पुरते.

७, ११ आणि १३ यांच्यासाठी एकच कसोटी वापरावी, कारण ७ गुणिले ११ गुणिले १३ बरोबर १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचे, सर्वांत उजवीकडचा गट अधिक, त्याच्या डावीकडचा उणे, पुढचा अधिक, असे आळीपाळीने मिळवायचे आणि जे उत्तर येईल त्याला ७, ११ किंवा १३ ने भाग जातो का ते पाहायचे. उत्तर ऋण आले तरी बिघडत नाही. ११ साठी याहून सोपी पद्धत सर्वांना ठाऊक आहे: एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करून त्यांतील फरक पाहायचा.

१७, १९ आणि २३ यांच्या लक्षात राहण्याजोग्या कसोट्या मी शोधत बसत नाही. तेथे चालती बाकी वापरावी: पहिल्या अंकापासून सुरुवात करायची, हातात असलेल्या बाकीला दहाने गुणायचे, पुढचा अंक मिळवायचा, भाजकाने भागून नवी बाकी ठेवायची आणि पुढे सरकायचे. संख्या कितीही लांब असली तरी वहीत एका वेळी तीन अंकांहून मोठे काही लिहावे लागत नाही.

दुसरी पायरी: नऊ अंकांचे कोडे सोडवणे

थेट पंचवीस अंकांवर उडी घेण्यापूर्वी एक छोटे कोडे सोडवावे, कारण एका अटीतून दुसरी अट कशी निघते हे त्यात स्वच्छ दिसते. १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून नऊ अंकी बहुविभाज्य संख्या तयार करायची आहे. सगळे क्रम तपासायचे म्हटले तर ते ३,६२,८८० होतात. विचार केला तर दहा उरतात.

पाचव्या स्थानी ५ येणार हे उघड आहे, कारण ० उपलब्ध नाही. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या स्थानी सम अंक लागतात आणि सम अंक चारच आहेत, म्हणून ते तेथेच संपतात आणि उरलेली स्थाने विषम अंकांची होतात. आता चौथे स्थान पाहा. तिसरा अंक विषम आहे आणि तिसऱ्या-चौथ्या अंकांच्या जोडीला ४ ने भाग जायला हवा. दशक विषम असताना एकक २ किंवा ६ असेल तरच ते होते. आठव्या स्थानालाही हाच न्याय लागतो: सहावा अंक सम असल्यामुळे त्याचे शेकडे ८ ने आपोआप भागले जातात, सातवा अंक विषम आहे, म्हणून सातवा आणि आठवा मिळून १६, ३२, ७२ किंवा ९६ यांपैकीच काही होऊ शकते (५६ होत नाही, कारण ५ आधीच वापरला गेला). म्हणजे आठवा अंकही २ किंवा ६. चौथा आणि आठवा मिळून २ आणि ६ घेतात. दुसऱ्या आणि सहाव्या स्थानासाठी ४ आणि ८ उरतात.

पहिल्या तीन अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो आणि पहिल्या सहांच्या बेरजेलाही जातो, म्हणून चौथा, पाचवा आणि सहावा यांच्या बेरजेलाही गेला पाहिजे. चौथा २ असेल तर २ अधिक ५ बरोबर ७, म्हणून सहावा ८ हवा. चौथा ६ असेल तर ११ होतात, म्हणून सहावा ४ हवा. येथे कोड्याला दोन फाटे फुटतात.

पहिल्या फाट्यात दुसरा अंक ४, चौथा २, सहावा ८ आणि आठवा ६ येतो. पहिल्या तिघांच्या बेरजेसाठी पहिला आणि तिसरा अंक १ आणि ७ असावे लागतात, दुसरी कोणतीही जोडी जमत नाही. सातव्या स्थानी ९ बसतो (९६ साठी). पहिले सात अंक १४७२५८९ किंवा ७४१२५८९ होतात. गटांची कसोटी लावा: ५८९ उणे ४७२ अधिक १ बरोबर ११८, आणि ५८९ उणे ४१२ अधिक ७ बरोबर १८४. दोन्हींना ७ ने भाग जात नाही. फाटा बंद.

दुसऱ्या फाट्यात दुसरा अंक ८, चौथा ६, सहावा ४ आणि आठवा २, तर सातवा ३ किंवा ७. पहिल्या आणि तिसऱ्या स्थानांवर एक अंक १ किंवा ७ मधला आणि दुसरा ३ किंवा ९ मधला हवा. सगळ्या शक्यता लिहिल्या तर आठ होतात: १८९६५४३, ९८१६५४३, ७८९६५४३, ९८७६५४३, १८३६५४७, ३८१६५४७, १८९६५४७ आणि ९८१६५४७. प्रत्येकीला ७ ची कसोटी लावायची. सातांची उत्तरे ७ च्या पाढ्यात बसत नाहीत. ३८१६५४७ साठी मात्र ५४७ उणे ८१६ अधिक ३ बरोबर उणे २६६ येते, आणि २६६ म्हणजे ७ गुणिले ३८. पुढे २ आणि उरलेला ९ लिहिला की ३८१६५४७२९ तयार. नवव्या पायरीवर काहीच तपासावे लागत नाही, कारण १ ते ९ ची बेरीज नेहमी ४५ असते.

या कोड्याला एकच उत्तर आहे, आणि ते एकच आहे याची सिद्धताही आपल्या वहीत आपोआप लिहिली गेली, हा त्यातील मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

तिसरी पायरी: पंचवीस अंकांची तपासणी

प्रथम संख्या वहीत एका चौकटीत एक अंक याप्रमाणे लिहावी आणि प्रत्येक अंकावर त्याचा क्रमांक टाकावा. हा उपचार वाटेल, पण माझ्या एका वर्गात फळ्यावरून उतरवताना ८८५० चे ८५८० झाले आणि संपूर्ण तासभर आम्ही गणिताला दोष देत बसलो. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती ३६,०८,५२,८८,५०,३६,८४,००,७८,६०,३६,७२५ अशी दिसते. भास्कराचार्यांनी दिलेल्या अठरा स्थानांच्या नावांत शेवटचे नाव परार्ध आहे, म्हणजे १ वर १७ शून्ये. त्या हिशेबाने आपली संख्या ३ कोटी ६० लक्ष ८५ हजार २८८ परार्ध आणि वर आणखी काही एवढी भरते.

पहिले आठ टप्पे तोंडी होतात: ३, ३६, ३६०, ३६०८, ३६०८५, ३६०८५२, मग ३६०८५२८ म्हणजे ७ गुणिले ५,१५,५०४, आणि ३६०८५२८८ म्हणजे ८ गुणिले ४५,१०,६६१. नऊ अंकांची बेरीज ४५ आहे. दहावा अंक ०. अकराव्या टप्प्यावर एक सोडून एक अंकांच्या दोन्ही बेरजा २४ येतात. बाराव्या टप्प्यावर बेरीज ५४ आणि शेवटी ३६. तेराव्या टप्प्यावर गट पाडा: ३, ६०८, ५२८, ८५०, ३६८. मग ३६८ उणे ८५० अधिक ५२८ उणे ६०८ अधिक ३ बरोबर उणे ५५९, आणि ५५९ म्हणजे १३ गुणिले ४३. चौदाव्यासाठी गट नव्याने पाडावे लागतात, कारण एक अंक वाढला की सगळे गट सरकतात: ३६, ०८५, २८८, ५०३, ६८४. येथे उत्तर ४२० येते, म्हणून ७ ने भाग जातो, आणि शेवटचा अंक ४ सम आहेच. पंधराव्या टप्प्यावर शेवटी ० आणि बेरीज ६६. सोळाव्यावर शेवटचे चार अंक ८४००, म्हणजे १६ गुणिले ५२५.

सतरावा टप्पा चालत्या बाकीचा आहे. १७ ने भागत गेल्यास बाक्या क्रमाने अशा येतात: ३, २, ३, ४, ११, १०, ६, ०, ५, १६, १०, ४, १४, ८, १२, १, ०. आपल्या वहीतील रांग हिच्याशी ताडून पाहावी. मध्येच आठव्या स्थानी शून्य आले आहे, म्हणजे पहिल्या आठ अंकांच्या संख्येलाही १७ ने भाग जातो. ते मागितलेले नव्हते, निव्वळ योगायोग आहे.

अठराव्या टप्प्यावर बेरीज ८१ आणि शेवटी ८. एकोणिसाव्यासाठी १९ च्या बाक्या: ३, १७, १८, १७, ४, ४, १०, १३, २, १, १३, ३, ०, ४, २, १, १७, ७, ०. विसाव्या टप्प्यावर शेवटी ६०. एकविसाव्यावर बेरीज ९०, आणि तीन-तीनच्या गटांचे उत्तर १७२२, म्हणजे ७ गुणिले २४६. बाविसाव्यावर एक सोडून एक बेरजा दोन्ही ४८ आणि शेवटी ६. तेविसावा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे, पण टाळू नये. २३ च्या बाक्या: ३, १३, १५, २०, २१, ५, १२, १३, २०, १६, २, ३, १५, १६, २२, १३, २२, २१, ९, २१, ६, २०, ०. चोविसाव्या टप्प्यावर शेवटचे तीन अंक ६७२, म्हणजे ८ गुणिले ८४, आणि बेरीज १०५. पंचविसाव्यावर शेवटी २५.

आता भिंतीकडे जाऊ. सव्विसावा अंक जोडायचा तर नव्या संख्येला २ ने आणि १३ ने भाग गेला पाहिजे. पहिल्या तेरा अंकांना १३ ने भाग जातो हे आपण पाहिलेच आहे, म्हणून १३ ची चालती बाकी चौदाव्या अंकापासून सुरू केली तरी चालते: ४, १, १०, ३, १२, ९, १२, ६, १, ४, ३, ९. शेवटची बाकी ९. तिला दहाने गुणून ९०, त्याची बाकी १२, म्हणून १३ पूर्ण होण्यासाठी पुढचा अंक १ आणि केवळ १ च हवा. पण १ विषम आहे, आणि २ ने भाग जाण्यासाठी सम अंक लागतो. दोन अटी एकाच अंकावर भिडतात आणि रस्ता संपतो.

जाता जाता: देवळालीचे गणिततज्ज्ञ दत्तात्रेय कापरेकर यांनी ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद संख्या असे नाव दिले. आपल्या संख्येची बेरीज ११० आहे आणि संख्या विषम आहे, म्हणून या परीक्षेत ती नापास होते. प्रत्येक संख्येने सगळे गुण अंगी बाणवावेत असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: स्वतःची संख्या वाढवणे

तपासण्यापेक्षा वाढवण्यात अधिक गंमत आहे. उमरेडच्या पिनमध्ये एक मिळवून आलेला ४४१२०४ घेऊ. नियम असा: हातातील संख्येला दहाने गुणून पुढच्या भाजकाची बाकी काढायची, भाजक पूर्ण होण्यासाठी जेवढे कमी पडते तेवढा अंक जोडायचा. कमी पडणारा आकडा ९ हून मोठा असेल तर ती वाट तेथेच सोडायची, आणि भाजक ९ किंवा त्याहून लहान असेल तर एकाहून अधिक अंक बसतात का हेही पाहायचे.

४४१२०४० ला ७ ने भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून सातवा अंक ४. पुढे शेवटचे तीन अंक ४४० किंवा ४४८ असू शकतात, म्हणून आठवा अंक ० किंवा ८. येथे वहीचे पान उभे दुभागावे. ० च्या बाजूला बेरीज १९ आहे, म्हणून नववा ८. ८ च्या बाजूला बेरीज २७ आहे, म्हणून नववा ० किंवा ९, दोन्ही चालतात. अशा तीन वाटा झाल्या. दहावा अंक सर्वत्र ०.

अकराव्यापासून पुढे प्रत्येक वाटेला फार तर एखादाच अंक मिळतो. पहिली वाट ४४१२०४४०८०४८३२ पर्यंत, म्हणजे चौदा अंकांपर्यंत जाते. पंधराव्यासाठी ० किंवा ५ हवा. बेरीज ४४ आहे, ती ४४ राहते किंवा ४९ होते, आणि दोन्हींना ३ ने भाग जात नाही. दुसरी वाट ४४१२०४४८००९६९४५६८ या सतरा अंकांवर थांबते, कारण तिची बेरीज ७४ आहे, ९ पूर्ण होण्यासाठी ७ हवा आणि अठराव्या टप्प्यावर सम अंक हवा. तिसरी वाट आणखी एक पाऊल पुढे जाते: ४४१२०४४८९०००६६०८३४. हे अठरा अंक झाले. एकोणिसाव्यासाठी १९ ची चालती बाकी काढली तर शेवटी १६ उरते, दहाने गुणून १६०, त्याची बाकी ८, आणि १९ पूर्ण होण्यासाठी ११ लागतात. अकरा हा एका घरात मावणारा अंक नव्हे. उमरेडच्या शेजाऱ्याची घोडदौड अठराव्या अंकावर संपली, आणि माझ्या मते सहा अंकांच्या पिनसाठी ती चांगलीच लांब म्हणावी लागेल.

हीच कृती आपापल्या गावाच्या पिनवर करून पाहावी. पहिल्या चार अंकांतच तो अडला तर, जसे शहराच्या पिनचे होते, अडलेल्या जागी जवळचा चालणारा अंक टाकून पुढे जावे.

पाचवी पायरी: किती संख्या आहेत आणि त्या संपतात का

एक अंकी अशा संख्या ९ आहेत (शून्य सोडून). तेथून अंकसंख्येनुसार त्यांची मोजदाद अशी आहे: ९, ४५, १५०, ३७५, ७५०, १,२००, १,७१३, २,२२७, २,४९२, २,४९२, २,२२५, २,०४१, १,५७५, १,१३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३, १. एकूण २०,४५६. चोवीस अंकी तिघींपैकी एकच पुढे जाते आणि तीच आपली.

हा आकार समजून घेणे सोपे आहे. दोनवर अर्धे, म्हणजे पाच अंक चालतात, तीनवर दहांपैकी तीन किंवा चार, पाचवर दोन. साधारणपणे दहाला भाजकाने भागून जे उत्तर येते, तेवढे पर्याय सरासरीने मिळतात. भाजक दहाहून लहान असेपर्यंत संख्या वाढत जातात. दहावर नेमका एक पर्याय मिळतो, म्हणून नऊ अंकी आणि दहा अंकी संख्या सारख्याच २,४९२ आहेत. पुढे पर्याय एकाहून कमी पडू लागतात आणि घसरण सुरू होते. या सरासरीने केलेला अंदाज पंधरा अंकी संख्यांसाठी सुमारे ६८८ येतो, प्रत्यक्षात त्या ७७० आहेत. वीस अंकींसाठी ३७ येतो, प्रत्यक्षात ४४ आहेत. पंचवीस अंकींसाठी ०.५८ येतो, आणि प्रत्यक्षात एक सापडते. म्हणजे या पंचवीस अंकांमागे काही गूढ शक्ती वगैरे नाही. गळती कुठे तरी पूर्ण होणारच होती, ती पंचविसाव्या अंकानंतर झाली. काही संकेतस्थळांवर अशा संख्यांभोवती जे दैवी वलय चढवले जाते त्याबद्दल माझे मत फारसे बरे नाही.

दहा अंकी २,४९२ या आकड्याचा एक व्यवहारी अर्थही लक्षात घ्यावा. दहा अंकी संख्या एकूण ९०० कोटी आहेत, म्हणजे अंदाजे ३६ लाखांत एक संख्या या परीक्षेत उतरते. आपला मोबाईल क्रमांक त्यांपैकी निघण्याची आशा ठेवू नये. त्याच्या शेवटी ० नसेल तर तपासण्याचीही गरज नाही.

अकरा अंकींमध्ये एक देखणी संख्या आहे: ३००००६००००३. ती दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते, आणि या गुणधर्माच्या संख्यांमध्ये तिच्याहून लांब दुसरी नाही. तिचे अकराही टप्पे पाच मिनिटांत तपासून होतात, म्हणून लहान मुलांना सुरुवात हिच्यापासून करून द्यावी.

सहावी पायरी: यंत्राची मदत घेताना

येथे सर्वाधिक फसगत होते. एक्सेलच्या एका घरात ही पंचवीस अंकी संख्या टाकली तर ते पहिले पंधरा अंक जपते आणि उरलेल्या दहांच्या जागी शून्ये भरते. कसलीही सूचना देत नाही. मग पंचविसाने भाग जातो म्हणून आपण खूश होतो, पण तो भाग शून्यांमुळे गेलेला असतो. याचे कारण असे की अशी साधने संख्या ठरावीक लांबीच्या द्विमान (० आणि १ च्या) तरंगत्या-बिंदू स्वरूपात साठवतात आणि त्या स्वरूपात सलग पूर्ण संख्या २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच अचूक राहतात. आपल्या संख्येचे पहिले सोळा अंक या मर्यादेच्या आत आहेत आणि सतरावा जोडताच ती ओलांडली जाते. म्हणजे नेमका जेथे हाताने करणे कंटाळवाणे होऊ लागते, तेथेच यंत्र खोटे बोलू लागते.

उपाय वहीतलाच आहे. एका आडव्या ओळीत एका घरात एक अंक लिहावा, खालच्या ओळीत आधीची बाकी गुणिले दहा अधिक वरचा अंक, याची भाजकाने येणारी बाकी काढणारे सूत्र टाकावे आणि ते उजवीकडे ओढत न्यावे. कोणत्याही घरात २५० हून मोठा आकडा येत नाही, त्यामुळे अचूकतेचा प्रश्नच उरत नाही. भाजक एका वेगळ्या घरात ठेवला तर तो १७ वरून १९ आणि २३ करून तिन्ही रांगा क्षणात मिळतात.

पायथॉन ही संगणकाची भाषा येत असेल तर तेथे पूर्ण संख्येला अंकांची मर्यादा नसते, मात्र साधा भागाकार न करता बाकीचे चिन्ह (%) वापरावे, कारण साध्या भागाकाराचे उत्तर पुन्हा त्याच तरंगत्या-बिंदू स्वरूपात जाते. सगळ्या २०,४५६ संख्या काढण्यासाठी १ ते ९ ची यादी घ्यावी. प्रत्येक फेरीत यादीतील प्रत्येक संख्येला दहाने गुणून ० ते ९ अंक एकेक करून मिळवावेत. फेरीच्या क्रमांकाने भाग गेलेल्या तेवढ्या नव्या यादीत ठेवाव्यात आणि जुनी यादी टाकून द्यावी. यादी रिकामी होईपर्यंत हे चालवावे. पहिल्या यादीला पहिली फेरी धरले तर नवव्या आणि दहाव्या फेरीअखेर दोन्ही वेळा २,४९२ आले पाहिजेत. दहाव्यात हा आकडा बदलला तर फेरीचा क्रमांक एकाने चुकला आहे असे समजावे, आणि सव्विसाव्या फेरीनंतरही यादीत काही उरले तर संख्या कुठे तरी तरंगत्या-बिंदू स्वरूपात गेल्या आहेत.